चेंडू आपल्याकडे येऊ दे

गोडांबेकाकांना फुटबॉलची आवड होती असं कोणी म्हणालं, तर मी त्याला वेड्यात काढीन. आवड अजिबात नव्हती. नियम मात्र सगळे पाठ होते. तरीही गेल्या वर्षी एक अख्खा हिवाळा ते दर शनिवारी दुपारी एक वाजता आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये यायचे आणि माझ्या सोफ्यावर बसून ऑस्ट्रेलियातल्या एका आडगावच्या क्लबची मॅच बघायचे. हिवाळा म्हणजे तिकडचा. आमच्या सिंगापुरात कसला आलाय हिवाळा, इथे बारा महिने घामाच्या धारा.

आमची ओळख भांडणानं झाली होती. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि मी घाईघाईत चादरी न पिळता खिडकीबाहेरच्या बांबूवर टाकल्या होत्या. बेल वाजली. दारात कडक इस्त्रीच्या शर्टातले, पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ. बाहेरची मराठी पाटी त्यांनी वाचली असावी, कारण थेट मराठीतच म्हणाले, "नमस्कार. मी गोडांबे. याच मजल्यावर, कोपऱ्यातला फ्लॅट. तुमची चादर ठिबकतेय."

"मग?" मी म्हणाले. सामान लावून लावून माझं डोकं फिरलं होतं.

"खालच्या मजल्यावरच्या आजींचे कपडे वाळत आलेत."

"त्यांनी तक्रार केली का?"

"नाही. मी खालून बघितलं. त्यांना इंग्रजी येत नाही, त्या तक्रार करणार नाहीत. म्हणून मी आलो."

मी चादर आत ओढली आणि दार जरा जोरातच लावलं. संध्याकाळी त्यांची बायको, शैलाताई, वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. "हे येऊन गेले ना? मनावर घेऊ नकोस गं. सगळ्यांनाच सांगतात." तिचा चेहरा असा होता की गेली पंचवीस-तीस वर्षं ती या माणसाच्या मागून चटण्या पोचवत फिरत असावी.

काका एका बँकेत होते आणि इतरांनी नियम पाळले की नाही हे तपासणं हेच त्यांचं काम. घरी आले तरी ते काम सुटत नसे. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत उभे राहणार. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊच्या बाजारात, जेवून झालं की आपला ट्रे परत ठेवणार आणि शेजारच्या टेबलावर कोणी टाकून गेलेलाही उचलणार. आमच्या मराठी मंडळींचा संक्रांतीचा कार्यक्रम एकदा बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत होता. जागा पाचपर्यंत घेतलेली. पावणेपाचला काकांनी खुर्च्या घडी करायला सुरुवात केली. माझ्या सासूबाई तिळगूळ खात बसल्या होत्या, तर हे त्यांच्या खुर्चीची पाठ धरून मागे उभे. मी म्हणाले, "काका, म्हातारं माणूस आहे, घास तरी गिळू द्या." तर म्हणाले, "सही माझी आहे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सही केली म्हणजे केली, त्याच्यापुढे सासूबाई काय आणि ब्रह्मदेव काय.

असा माणूस डोक्यात जातो. माझ्याही जायचा. पण माझ्या नवऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा हा माणूस रोज भेटीच्या वेळेला हॉस्पिटलात हजर असायचा. बोलायचा काही नाही. नुसता बसायचा, मला खाली जाऊन दोन घास खाऊन यायला लावायचा, आणि वेळ संपली की उठायचा. नर्सनं कधी सांगावं लागलं नाही. मला त्या दिवसांत तो न बोलणारा माणूस फार बरा वाटला होता, हे कबूल केलं पाहिजे.

त्यांना एक मुलगा आहे, अद्वैत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. शैलाताईनंच सांगितलं. अद्वैत चार वर्षांचा असताना दोघांनी इथली पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, घेतली. तेव्हा सगळेच म्हणायचे, घेऊन ठेवा, कामाला येईल. आपल्या लोकांची ही खोडच आहे. कागद फुकट मिळतोय म्हटलं की घरात आणून ठेवायचा, तो पुढे काय मागेल हे बघायचं नाही. अर्जात मुलाचंही नाव घातलं. आणि इथला कायदा असा की आईबापांबरोबर पीआर झालेल्या मुलाला अठराव्या वर्षी दोन वर्षं सैन्यात जावं लागतं. इथे त्याला एनएस म्हणतात. चार वर्षांच्या पोराकडे बघून अठरावं वर्ष कोणाला दिसतं? काकांना दिसलं होतं म्हणे. त्यांनी सगळं वाचून सही केली होती.

अद्वैत गोलकीपर होता. शाळेत असतानाच चांगला निघाला. सतराव्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा क्लबनं चाचणीला बोलावलं. काका म्हणाले, आधी दोन वर्षं पुरी कर, मग कुठेही जा. अद्वैत म्हणाला, दोन वर्षांनी मला कोण बोलावणार आहे? सुट्टीत मेलबर्नच्या मावशीकडे जातो म्हणून गेला आणि परत आला नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं पळालेला. इथे पाऊल टाकलं की अटक.

सरकारी कचेरीतून विचारणा झाली तेव्हा शैलाताईनं हात जोडले, की आजारी आहे म्हणा, शिकतोय म्हणा, काहीतरी मुदत मिळते का बघा. काका तिथे गेले आणि जे होतं तेच सांगून आले. तो मुद्दाम गेलाय, त्याचा परत यायचा विचार नाही. मग घरी येऊन मुलाला फोन केला. "सही माझी होती. ती तू मोडलीस. परत येऊन सेवा पुरी करत नाहीस तोवर मला फोन करायचा नाही." बापाचा तेवढा एकच नियम पोरानं पाळला. चार वर्षं झाली, त्यानं फोन केला नाही. दर रविवारी आईला करायचा आणि तेव्हा काका आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

ही सगळी हकीकत ठाऊक असताना एप्रिलमधल्या एका संध्याकाळी काका दारात उभे. "तुमचा टीव्ही इंटरनेटला जोडलेला आहे का?"

"आहे की. का?"

"शनिवारी दुपारी दोनेक तास मला तो मिळेल का? शैलाला मी चालायला जातो असं सांगणार आहे."

हा माणूस खोटं बोलणार? माझा चेहरा वाचून ते म्हणाले, "तुमच्या दारापर्यंत चालतच येणार ना."

अद्वैत खेळायचा त्या क्लबचं गाव दूधदुभत्याचं, दोन-तीन रस्त्यांचं. तिथल्या लीगमध्ये पोरं अर्धीमुर्धी पगारी खेळतात, म्हणजे आठवडाभर कुठेतरी राबायचं आणि शनिवारी मैदानात उतरायचं. अद्वैत शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवायचा. मैदानाभोवती लोक गाड्या लावून आतच बसायचे आणि गोल झाला की हॉर्न वाजवायचे. कॉमेंट्री करायला गावातलाच एक म्हातारा, बहुतेक फुकटात. तो खेळाबद्दल कमी आणि स्वतःच्या कुत्र्याबद्दल जास्त बोलायचा. अद्वैत हे नाव त्याला झेपत नव्हतं. "वेल डन, एडी," म्हणायचा. प्रत्येक वेळी माझ्या सोफ्यावरून हळू आवाज यायचा, "अद्वैत."

तिथे कॅमेऱ्यामागे माणूस नव्हता. खांबावर बसवलेलं एक यंत्र होतं, ते चेंडू जाईल तिकडे आपोआप वळायचं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे याचा अर्थ लक्षात यायला मला दोन-तीन शनिवार लागले. चेंडू समोरच्या टोकाला असला की आपला गोलकीपर चित्रातच नसायचा. आपली पोरं चांगली खेळत असली, समोरच्यांवर चढाई करत असली, की काका एका रिकाम्या गोष्टीकडे बघितल्यासारखे बघत बसायचे. आणि समोरच्यांनी चेंडू हिसकावून आपल्या गोलकडे धाव घेतली की पुढे सरकायचे.

एकदा आपल्या बाजूनं फारच वेळ चढाई चालली होती. मी जिंकल्याच्या आनंदात चहा ठेवायला उठले, तर मागून ते पुटपुटले, "आता चेंडू आपल्याकडे येऊ दे."

मी वळून बघितलं. "काका, समोरच्यांनी आपल्यावर गोल मारावा असं वाटतं का तुम्हाला?"

"गोल नको. नुसता येऊ दे." मग म्हणाले, "मला कळतं, हे बरोबर नाही."

त्या तुकड्यातुकड्यांतून ते मुलाला बघायचे. दाढी ठेवलीय. हातमोजे नवे दिसतात. उजव्या करंगळीला पट्टी कसली आहे? हे प्रश्न ते मला विचारायचे, जणू मी मैदानाच्या कडेला उभी होते. एका शनिवारी अद्वैत चेंडूवर झेपावला आणि उठायला त्याला वेळ लागला. तो उठायच्या आत चेंडू दुसरीकडे गेला आणि कॅमेराही गेला. पुढची दहा मिनिटं काकांनी श्वास घेतला की नाही कोण जाणे. मी टीव्हीवर ओरडत होते, "अरे मेल्या, वळ ना इकडे." यंत्राला शिव्या देऊन काय उपयोग, पण दुसऱ्या कोणाला देणार?

मी त्यांनाही दिल्या, तशा सभ्य भाषेत. "काका, सात-आठ तासांचं विमान आहे. उठा आणि जा. मैदानाच्या कडेला उभे राहा आणि पोटभर बघा."

"त्यानं बोलावलेलं नाही."

"तुम्हीच फोन करू नको म्हणालात ना? मग तो कसा बोलावेल?"

"तेच तर," ते म्हणाले आणि कप बेसिनमध्ये ठेवायला गेले. अशा माणसाशी बोलायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं.

जूनमध्ये शैलाताई मला लिफ्टपाशी भेटली. "एवढ्या उन्हात दोन तास चालून येतात आणि शर्टाची इस्त्री मोडत नाही," ती म्हणाली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? तुझ्याकडे मॅच बघतात ते मला ठाऊक आहे. पण त्यांना कळू देऊ नकोस हं. त्यांना वाटेल आपली फजिती झाली. बघू देत." मी मान हलवली. नवरा-बायकोच्या मधे मी कशाला पडू, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर ते दोघंही एकमेकांना जपताहेत याचं मला कौतुकच वाटलं होतं.

ऑगस्ट येईपर्यंत क्लब तळाला गेला. तळाचे दोन संघ पुढच्या वर्षी खालच्या विभागात जाणार होते. काकांनी लीगची सगळी नियमावली वाचून काढली होती, दुसरं काय करणार. "खालच्या विभागात कॅमेरे नाहीत," त्यांनी मला सांगितलं. "प्रक्षेपण फक्त याच विभागाचं आहे." आवाज नेहमीसारखाच होता. पण नंतर बूट घालताना नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला. तेव्हापासून बिचाऱ्याची दोन्हीकडून कोंडी झाली. संघ जिंकला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी मुलगा दिसणार नाही. आणि संघ जिंकत असला की मुलगा आज दिसत नाही.

शेवटच्या शनिवारी बरोबरीसुद्धा पुरेशी होती. तिकडे पाऊस आणि वारा, चित्र सगळं करडं. पहिल्या अर्ध्यात वारा आपल्या बाजूनं होता. आपल्या पोरांनी गोल मारला, गाड्यांचे हॉर्न वाजले, म्हाताऱ्याचा कुत्राही भुंकला. अद्वैत जेमतेम दोनदा दिसला असेल.

"चांगलं चाललंय," मी म्हणाले.

"हो, चांगलं चाललंय," काका म्हणाले. ते टीव्हीच्या डाव्या कडेकडे बघत होते. चित्र आणखी हातभर रुंद असतं तर तिथे त्यांचा मुलगा दिसला असता.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या, वारा समोरच्यांचा झाला आणि चेंडू आपल्या टोकाला आला तो तिथेच राहिला. कॅमेरा हललाच नाही. चार वर्षांत काकांनी मुलाला एवढं सलग पाहिलं नसेल. चिखलानं माखलेला, ओला, केस कपाळाला चिकटलेले, हात पसरून सगळ्यांवर ओरडणारा. एक चेंडू त्यानं पायानं अडवला, एक बोटांच्या टोकांनी वर उडवला, एक छातीवर घेतला. डोळे पुसायचंही काकांच्या लक्षात आलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा बरोबरी झालेली होती.

"बरोबरी चालेल," काका म्हणाले. "बरोबरी चालते. नियमात आहे."

शेवटच्या मिनिटांत समोरच्यांनी लांबून एक साधासा चेंडू टाकला. मलासुद्धा अडवता आला असता इतका साधा. अद्वैतनं तो दोन्ही हातांत घेतला. आणि तो ओला चेंडू त्याच्या हातांतून निसटला, खाली पडला, दोन पायांच्या मधून हळूहळू मागे गोलमध्ये गेला. म्हातारा म्हणाला, "ओ, एडी." त्या वेळी काकांनी नाव सुधारलं नाही.

शिट्टी वाजली. पोरं निघून गेली. प्रक्षेपण बंद करायला बहुधा कोणी राहिलंच नसावं, कारण चित्र चालूच राहिलं. चेंडू जाळीत पडलेला होता, म्हणून यंत्र जाळीकडे तोंड करून थांबलं. आणि त्या जाळीच्या खांबाला टेकून अद्वैत बसलेला होता. पाऊस पडत होता. तो हातमोजे काढत नव्हता, उठत नव्हता. कोणी त्याला उठवायलाही आलं नाही. काका सोफ्यावरून उतरून टीव्हीसमोर जमिनीवर बसले, लहान मुलं बसतात तसे. बराच वेळ ते दोघं तसेच बसून होते, एक तिकडे आणि एक इकडे.

मग रेनकोट घातलेला एक माणूस आला, त्यानं जाळीतला चेंडू उचलला, काखेत मारला आणि चालू लागला. कॅमेरा त्याच्याबरोबर वळला. अद्वैत चित्राच्या कडेला गेला आणि कडेबाहेर गेला. काका मान वाकडी करून टीव्हीच्या बाजूला डोकावले. आमच्या भिंतीवर तिथे काहीच नव्हतं. पडद्यावर तो माणूस चेंडू घेऊन एका शेडकडे चालत राहिला आणि मग चित्र गेलं.

"आभारी आहे," काका उठून म्हणाले. त्यांनी सोफ्याचं कव्हर सारखं केलं, रिमोट टेबलावर ठेवला आणि गेले. त्यानंतर ते शनिवारी आले नाहीत. क्लब खालच्या विभागात गेला होता, यायचं कारणच उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर शैलाताई कढीपत्त्याची कुंडी मला द्यायला आली. ती अद्वैतकडे राहायला निघाली होती. किती दिवस, ते सांगत नव्हती. "त्यानं खेळ सोडला," ती म्हणाली. "शीतगृहातच पूर्णवेळ लागलाय. परवा म्हणाला, आई, आता हातमोजे घालावेसे वाटत नाहीत. बाबा बरोबर होते, मी तेवढा चांगला नव्हतोच."

"काका असं कधी म्हणाले?"

"कधीच नाही. पण बोलले तरी काय? तो दर रविवारी मला विचारायचा. बाबा बघतात का मॅच? अगदी दर रविवारी."

"मग तू काय सांगायचीस?"

"नाही म्हणायचे," ती म्हणाली. "मी तरी काय सांगणार गं? त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. चोरून बघतात हे मुलाला सांगितलं असतं, तर यांची काय शोभा राहिली असती?" आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्या एका 'नाही'नं काय केलं ते तिला उमगलं. ती दाराच्या उंबऱ्यातच बसली. मी बोलायला लागलेच असते तर तोंडातून काय निघालं असतं देवच जाणे. नवऱ्याची अब्रू झाकायला बायको खोटं बोलली, बायकोपासून लपवायला नवरा खोटं बोलला, आणि इतकं सगळं नीट सांभाळून पोरगा मात्र मधल्यामध्ये गेला.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी काका लिफ्टपाशी दिसले. ऑफिसची बॅग, इस्त्रीचा शर्ट. त्यांना मी पाहिलं ते हे शेवटचं. पुढे ते फ्लॅट सोडून सेम्बावांगला एका खोलीत राहायला गेले, तेव्हा मी भारतात होते. त्या सकाळी मला गप्प राहवेना. मी सरळ सांगून टाकलं. "काका, अद्वैत दर रविवारी विचारायचा. बाबा मॅच बघतात का म्हणून."

ते लिफ्टच्या दाराकडे बघत होते, तसेच बघत राहिले. "मग शैलानं काय सांगितलं?"

"नाही म्हणाल्या."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी तिला सांगितलेलं नव्हतं."

लिफ्ट आली, दार उघडलं, ते आत गेले आणि माझ्याकडे वळले. "अजून विचारतो का?"

"नाही, काका. आता नाही विचारत."

त्यांनी मान हलवली. दार बंद झालं. आमच्या लिफ्टच्या दाराला काचेची उभी पट्टी आहे, तिच्यातून ते मला दिसत होते. लिफ्ट हलेना. त्यांनी बटणच दाबलं नव्हतं. तळमजला नाही, काही नाही. बॅग धरून ते आत नुसते उभे होते आणि काचेतून माझ्याकडे बघत होते. मला ते पाहत होते असं मात्र मला वाटलं नाही. मग खालून कोणीतरी लिफ्ट बोलावली असावी. ती त्यांना घेऊन खाली गेली.